रात्रपाळीला सिस्टर किती?

दवाखाना निवडताना बुलढाणा जिल्ह्यातला माणूस तीन गोष्टी विचारतो. डॉक्टर कोण, खर्च किती आणि योजनेत बसते का. हर्नियाचे ऑपरेशन असेल, बाळंतपण असेल, पाय मोडला असेल तर एवढ्यावर भागते. पण घरातले माणूस आता बरे होणार नाही हे कळून चुकलेले असते, अकोल्याहून किंवा संभाजीनगरहून फाइल घेऊन सगळे गावी परत आलेले असतात आणि पुढचे काही आठवडे त्याला सांभाळायचे असते, तेव्हा हे प्रश्न कमी पडतात. तेव्हा डॉक्टरांच्या नावापेक्षा सिस्टर महत्त्वाची ठरते. त्यातही रात्रीची सिस्टर.

मी परिचारिका म्हणून हे लिहिते आहे. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले, आणि सगळी नोकरी याच जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत झाली. वॉर्डाचा ड्युटी चार्ट लावण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते. त्यामुळे ‘24 तास प्रशिक्षित नर्स उपलब्ध’ अशी पाटी दिसली की मला आधी विचारावेसे वाटते : किती रुग्णांमागे किती?

हा प्रश्न का विचारायचा, ते चार्टच सांगतो. 30 खाटांच्या मेडिसिन वॉर्डाला कागदावर सहा सिस्टर आहेत असे धरा. त्यातल्या एकीचा साप्ताहिक ऑफ, एकीचा नाईट ऑफ, एक बाळंतपणाच्या रजेवर किंवा ट्रेनिंगला. राहिल्या तिघी. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे 720 मिनिटे. 30 रुग्णांत वाटली तर एकाच्या वाट्याला 24 मिनिटे येतात, आणि तीही कागदावर. हँडओव्हर, रिपोर्ट बुक, रात्रीची इंजेक्शने, सलाईन बदलणे, मध्यरात्री विष घेतलेला एखादा तरुण आला तर त्याच्या मागची धावपळ, हे सारे त्यातूनच वजा होते.

आता त्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर कर्करोगाने पोखरलेला, स्वतःहून कूस बदलू न शकणारा माणूस आहे. त्याला बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रात्रीतून सहा वेळा. एका वेळेला दहाच मिनिटे धरली, तरी तास झाला, आणि वळवायला माणसे दोन लागतात. वाट्याला 24 मिनिटे आणि एका कामाला 60. पाठीवर तळहाताएवढी जखम पडली की नातेवाईक सिस्टरवर ओरडतात. ती जखम त्या गणितात आधीच लिहिलेली असते.

हे गणित नातेवाइकांना अगोदर दिसायला हवे, असे माझे म्हणणे आहे. दाखल करण्याआधी, पैसे भरण्याआधी, नर्सिंग ब्युरोतून घरी बाई ठरवण्याआधी.

माझी भाची अमेरिकेत नर्स आहे. तिथे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थांना हॉस्पिस म्हणतात आणि त्यांची बहुतेक सेवा रुग्णाच्या घरीच दिली जाते. दोन डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते की आजार आपल्या गतीने गेला तर रुग्णाकडे सहा महिने किंवा त्याहून कमी वेळ आहे. मग मेडिकेअर हा सरकारी विमा खर्च उचलतो. एका रविवारी तिने मला व्हिडिओ कॉलवर सरकारची वेबसाइट दाखवली. आपल्या भागाचा पिनकोड टाकायचा की तिथल्या हॉस्पिस संस्था समोर येतात आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. 2017 पासून ही सोय आहे आणि 2022 पासून कुटुंबीयांच्या मतांवरून तारेही दिले जातात. तारे मला फारसे कळले नाहीत. पण त्याखालचे आकडे पाहून मी खुर्ची पुढे ओढली.

त्यात एक आकडा असा होता : या संस्थेच्या किती रुग्णांकडे, त्यांच्या अखेरच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस, नर्स किंवा समाजसेवक प्रत्यक्ष घरी गेले? दुसरीकडे दहा निकषांची एक मोजणी होती. त्यात नर्सने रोज सरासरी किती मिनिटे दिली, शनिवार-रविवारी त्यातली किती, सात दिवसांहून जास्त काळ नर्स फिरकलीच नाही असे किती रुग्णांच्या बाबतीत झाले, हे धरलेले असते. आणि रुग्ण गेल्यावर काही काळाने घरच्यांना प्रश्नावली जाते. संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी मदत मागितली तेव्हा मिळाली का? वेदना आटोक्यात होत्या का? रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे तुम्हाला शिकवले का?

हे प्रश्न मोजणीच्या कागदावर ज्याने आणले, त्याने कधीतरी नाईट केलेली असणार. मरणाच्या दारातल्या माणसाचे दुखणे रविवार पाहत नाही. श्वास घरघरायला लागतो तो बहुधा पहाटे, आणि तेव्हा घरातल्या सुनेला फोन कुणाला करायचा हे माहीत नसते.

अमेरिकेचे सगळेच चांगले, असे मला म्हणायचे नाही. तिथल्या बहुतेक हॉस्पिस आता नफ्यासाठी चालतात. लॉस एंजेलिस परिसरात तर अशा संस्थांचे इतके पीक आले आणि फसवणुकीचे इतके प्रकार निघाले की कॅलिफोर्निया राज्याला 2022 पासून नवे परवाने देणे थांबवावे लागले. वेबसाइट असूनही हे झाले. छोट्या संस्थांचे रुग्ण थोडे असले की त्यांच्यापुढे आकडाच येत नाही, रकाना मोकळा राहतो. एवढे असूनही मोकळा रकाना दिसला तर भाचीसारखी माणसे ‘इथे आकडा का नाही?’ असे विचारू शकतात. आपल्याकडे रकानाच नाही.

देशादेशांची तुलना आपल्याकडेही छापून येते. 2015 साली मृत्यूच्या गुणवत्तेचा एक जागतिक निर्देशांक निघाला, त्यात 80 देशांत भारत 67 वा होता. 2021 च्या दुसऱ्या एका अभ्यासात 81 देशांत 59 वा. बातमी होते आणि विरते. मोताळ्याच्या शेतकऱ्याला 67 किंवा 59 घेऊन काय करायचे? त्याला कळायला हवे की खामगावात जावे की बुलढाण्यात, की घरीच ठेवून उपकेंद्राच्या सिस्टरवर भरवसा ठेवावा.

भारतातले पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झाले, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. मुंबईत वांद्र्याला 1986 साली डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती आवेदना सदन काढले. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचे केंद्र आहे. नागपूरला स्नेहांचल आहे. ही मोलाची कामे आहेत, पण जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या माणसासाठी ती नकाशावरची नावे आहेत. विदर्भ एक्स्प्रेसने मलकापूरहून रात्री बसून मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणारे पेशंट मी आयुष्यभर पाहिले. उपचारासाठी माणूस तेवढे जातो, आणि गेलेच पाहिजे. शेवटच्या तीन आठवड्यांसाठी मात्र कुणी जात नाही आणि नेऊही नये. माणसाला आपल्या ओसरीत, आपल्या माणसांत जायचे असते. म्हणून बुलढाण्यापुरते बोलायचे तर हॉस्पिस म्हणजे रुग्णाचे घरच, आणि सेवा देणारे म्हणजे आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी, गावचे डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, एखादे खासगी नर्सिंग होम आणि ब्युरोतून येणारी बाई. तुलना करायची ती यांची.

सरकारी कागद पाहिला तर सोय बरीच पुढे गेलेली दिसते. केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे बरे न होणाऱ्या माणसाचे दुखणे हलके करण्याच्या सेवेचे, धोरण आणले, त्यामागून 2012 मध्ये महाराष्ट्राने. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आणि तिथे द्यायच्या बारा सेवांमध्ये ही सेवा आहे. आशाताई घरोघर जाऊन आरोग्याच्या माहितीचा सीबॅक फॉर्म भरतात. कुणाच्या घरी कोण खाटेवर आहे हे आशाताईला तोंडपाठ असते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 25 लाख 86 हजार होती. दर हजारी सहा असा मृत्युदर धरला तरी वर्षाला पंधरा हजारांवर माणसे जातात. त्यातले कितीतरी जण अचानक जात नाहीत, महिनोन्महिने झिजत जातात. त्यांच्या घरी कोण गेले, किती वेळा गेले, वेदना किती कमी झाल्या, हे गावाला कळेल अशा ठिकाणी लिहिले पाहिजे.

केरळात जे जमले ते मोठ्या इमारती बांधून जमलेले नाही. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी छोटे क्लिनिक सुरू केले, गावागावांतले स्वयंसेवक जोडले गेले आणि पुढे ग्रामपंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सचा खर्च उचलला. पंचायत पैसे देते म्हटल्यावर पंचायतीतले लोक हिशेब मागतात : या महिन्यात किती घरे झाली?

घरी जाणारी नर्स नेमके काय करते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. मोताळा तालुक्यातल्या एका गावात तोंडाच्या कर्करोगाचा एक पेशंट होता. तंबाखू-चुन्याने गालाला आरपार भोक पडलेले, जखमेला असा वास की सोप्यात पाऊल टाकवत नसे. घरच्यांनी त्याची खाट गोठ्याशेजारी नेऊन ठेवलेली. बायको ताटली जवळ ठेवायची आणि पदर नाकाला लावून बाजूला व्हायची. माया आटली होती असे नाही, वासच सहन होत नव्हता. आम्ही जखम सलाईनच्या पाण्याने धुतली आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती भुकटी जखमेवर भुरभुरली. वर गॉज. डॉक्टरांनी ठरवून दिलेले हे काम, त्याला यंत्र लागत नाही, एसी खोली लागत नाही. बायकोला हात धरून शिकवले, दुसऱ्या दिवशी तिने स्वतः केले. काही दिवसांनी गेलो तर खाट पुन्हा ओसरीत आलेली. ती म्हणाली, ‘‘आता माह्यानं बसवते त्यायच्या जवळ, सिस्टरबाई.’’ माणूस वाचला नाही. पण तो गोठ्याशेजारी मेला नाही.

दर्जा मोजायचा तो इथे. जखमेचा वास गेला का, घरच्यांना शिकवले का, झोप लागली का. स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार आहे, राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांचे प्रमाणपत्र आहे. ते मिळवण्यासाठी आम्ही रात्ररात्र जागून रजिस्टरे पुरी केली आणि रुग्णालये त्यामुळे खरोखर सुधारली. तेवढीच मेहनत या प्रश्नांसाठी घ्यायला काय हरकत आहे?

आता मॉर्फिनबद्दल, कारण ते असले तर सेवा आहे आणि नसले तर नुसता धीर देणे आहे. कर्करोगाच्या हाडात उतरलेल्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरत नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचे औषध, एवढ्यावर बहुतेकांचे दुखणे बसते. गोळी महाग नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती ठेवायला पूर्वी चार-पाच परवाने लागत, म्हणून कुणी ठेवतच नसे. 2014 च्या दुरुस्तीने ते जाळे सोडवले. आता संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते. डॉक्टरांनी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते आणि साठ्याची नोंद ठेवावी लागते. कायदा अडवत नसताना माणसे आजही गुरासारखी ओरडत जातात, याचे मला फार वाईट वाटते. शेजारी विचारतात, ‘‘काहून ओरडते बुढा?’’ आणि मुलगा मान खाली घालतो. म्हणून तुलनेच्या तक्त्यात रात्रीच्या सिस्टरच्या रकान्यानंतर माझा दुसरा रकाना हाच : तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, आणि रात्री मिळतात का?

खासगीकडे वळले तर तिथेही अर्धी वाट झालेली आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. त्या दरपत्रकाखाली दोन ओळी वाढवा : आज दाखल रुग्ण इतके, आज रात्री ड्युटीवर नोंदणीकृत परिचारिका इतक्या. खडूने लिहिले तरी चालेल. ब्युरोच्या बाबतीत तर याची जास्त गरज आहे. बारा तासांचे पैसे मोजून घरी ठेवलेली बाई प्रेमळ असते, कष्टाळू असते, पण ती नर्स आहे की आया, हे घरच्यांना ठाऊक नसते. जीएनएम किंवा एएनएम झालेल्या प्रत्येक बाईकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला संकोच करू नका. खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही. आणि आया असेल तर तिच्याकडून आयाचेच काम घ्या, तिला इंजेक्शन देऊ देऊ नका.

यावर माझ्याच काही मैत्रिणींनी आक्षेप घेतला. संख्या भिंतीवर लावली की लोक आमच्याच अंगावर येतील, असे त्या म्हणाल्या. मला उलट वाटते. आज नातेवाइकाला फक्त न आलेली सिस्टर दिसते. पाटीवर ‘रुग्ण 30, परिचारिका 1’ दिसले तर निदान त्याला कळेल की ती दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेशी आहे. मग भांडायचे असेल तर तो तिच्याशी भांडणार नाही, रिक्त पदे न भरणाऱ्यांशी भांडेल. वर्षानुवर्षे आम्ही शिव्या खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या त्या रिकाम्या खुर्चीसाठी होत्या.

दुसरा आक्षेप असा की खेड्यातले लोक आकडे कुठे पाहतात. हे म्हणणाऱ्याने सोयाबीन निघाल्यावर आमच्याकडे यावे. खामगावच्या बाजार समितीत भाव काय, चिखलीत काय, मलकापूरला काय, हे शेतकरी सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर पाहतो आणि मगच गाडी भरतो. जो पन्नास रुपयांच्या फरकासाठी तालुका बदलतो, तो बापाच्या शेवटच्या रात्रीसाठी दोन आकडे वाचणार नाही?

तिसरी शंका मात्र रास्त आहे. आकडे मागितले की आकडे रंगवले जातात. भेट न देता रजिस्टरला सही होते, मी पाहिलेले आहे. म्हणून भेटींचा आकडा सेवा देणाऱ्यानेच भरायचा आणि तपासायचाही त्यानेच, असे नको. माणूस गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी आशाताईने किंवा रुग्ण कल्याण समितीच्या एखाद्या सदस्याने घरी जाऊन चार प्रश्न विचारावेत : शेवटच्या तीन दिवसांत कुणी आले होते का? रात्री फोन उचलला का? दुखणे कमी झाले का? तुम्हाला काही शिकवले का? उत्तरे नावाशिवाय गोळा करावीत आणि वर्षातून एकदा तालुकावार छापावीत. तेरा तालुके, चार प्रश्न. याला सॉफ्टवेअर लागत नाही.

बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, वर्षाला 100 विद्यार्थी येणार. या मुलांना पहिल्या वर्षापासून आशाताईंबरोबर खाटेवरच्या माणसांच्या घरी पाठवा. त्यांच्याकडूनच ही प्रश्नावली भरून घ्या. रुग्णाच्या घरी जाऊन आलेला डॉक्टर पुढे मॉर्फिन लिहायला घाबरणार नाही. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महाविद्यालयाचे अधिष्ठाता एका टेबलावर बसले तर हे एका बैठकीत ठरू शकते. जिल्हा नियोजन समितीकडे घरभेटींसाठी एका गाडीची मागणी आपल्या आमदारांनी करावी. रस्त्यांसाठी जशी करतात, तेवढ्याच जोराने.

आणि तोवर तुम्ही थांबू नका. घरात असे माणूस असेल तर दवाखान्यात, उपकेंद्रात, ब्युरोत जाऊन तोंडावर विचारा : रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर, मॉर्फिन आहे का, शेवटच्या दिवसांत घरी कोण येणार, रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन लावायचा. जिथे उत्तर सरळ मिळेल ते ठिकाण धरा, इमारत कशीही असो. सरकारी रुग्णालयाने उत्तर दिले नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. 2005 च्या या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी न मागताच प्रसिद्ध करणे हे त्यांचे कामच आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या महिन्यात रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात परिचारिका किती, एवढे तीन प्रश्न साध्या कागदावर लिहून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या. 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही.